‘मिझमेझ’: एकच वाट, तरी गोंधळ

इंग्लंडच्या नकाशात खाली, डाव्या हाताला सरकत गेलं की हॅम्पशर, विल्टशर, डॉर्सेट, सॉमरसेट अशा काउंट्या लागतात. मेंढ्या, दुधदुभतं, सफरचंदाच्या बागा, खडूच्या पांढऱ्या टेकड्या. एकोणिसाव्या शतकात इथल्या एखाद्या मेंढपाळाला चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या आणि त्याचं डोकं भंजाळलं, तर ते सांगायला त्याच्याकडे एक खास शब्द होता: मिझमेझ. ‘ऑल ऑफ अ मिझमेझ’ म्हणजे पुरता भांबावलेला, काय करू नि कुठे जाऊ असं झालेला. नुसतं ‘मिझमेझ’ म्हटलं तर गोंधळ.

आता हा शब्द तिथेही कोणी बोलत नाही. तो उरलाय जुन्या बोलीकोशांत आणि दोन-तीन जागांच्या नावांत. पण एका शब्दाच्या मागे लागून बोली म्हणजे काय, ती कशी टिकते, कशी जाते आणि ‘शुद्ध’ भाषेशी तिचं नातं काय हे समजून घ्यायचं असेल, तर याच्याइतका सोयीचा शब्द मला तरी माहीत नाही. कारण मिझमेझ ही एक वस्तूसुद्धा आहे, पायांनी चालून पाहता येणारी.

हॅम्पशरमध्ये ब्रेमर नावाचं गाव आहे. (लिहिलेलं वाचायला गेलं तर ‘ब्रीमोर’ होतं, पण गावकरी ब्रेमरच म्हणतात. गावांच्या नावांचं स्पेलिंग आणि उच्चार यांचं इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं नाही.) गावाबाहेरच्या टेकाडावर यू नावाच्या गर्द झाडांचं बन आहे आणि बनाच्या मधोमध गवतात कोरलेलं एक मोठं वर्तुळ. वर्तुळाच्या आत वळणंवळणं घेत जाणारी गवताची पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना खरवडून काढलेली पांढरी खडूची माती. ही पट्टी एकात एक बसवलेल्या 11 फेऱ्या घेत शेवटी मधल्या उंचवट्यावर पोचते. याला मिझमेझ म्हणतात. विंचेस्टर शहराबाहेर सेंट कॅथरीन्स हिल आहे, तिच्या माथ्यावर दुसरं मिझमेझ. ते चौकोनी आहे, कोपरे गोलसर, फेऱ्या 9. तिथे मामला उलटा: गवत खरवडून केलेली जेमतेम पाऊलभर रुंदीची चर हीच वाट, आणि मधलं गवत म्हणजे कुंपण.

अशी गवतात कोरलेली जुनी चक्रं इंग्लंडात एकेकाळी पुष्कळ होती. आता ऐतिहासिक म्हणावीत अशी 8 उरली आहेत. त्यांतलं सगळ्यांत मोठं एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन गावात आहे; त्याची वाट चालत पुरी केली तर जवळजवळ दीड किलोमीटर होते. बाकीच्यांची नावं निरनिराळी आहेत. कुणाला ‘सिटी ऑफ ट्रॉय’ म्हणतात, कुणाला ‘जुलियन्स बावर’. ‘मिझमेझ’ हे नाव खास दक्षिणेचं, म्हणजे जिथे हा शब्द गोंधळासाठी बोलला जात होता त्याच पट्ट्यातलं.

आता यातली अडचण बघा. या चक्रात तुम्ही चुकूच शकत नाही.

भुलभुलैया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फाटे येतात. इथून डावीकडे की उजवीकडे? एक रस्ता बंद, दुसरा पुन्हा मूळ जागी. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस लावलेला झुडपांचा भुलभुलैया असा आहे. पण गवतातल्या मिझमेझला फाटाच नाही. आत शिरायचं एक तोंड, तिथून निघणारी एक वाट, आणि ती वाट कुठेही न फुटता थेट मध्यापर्यंत. झुडपांच्या भिंतीही नाहीत, सगळं चक्र उभ्या उभ्या दिसतं. मुंगी सोडली तरी ती मध्यावर पोचेल. मग गोंधळाचा शब्द आणि न चुकवणारी वाट यांची सांगड कुणी घातली?

पहिलं उत्तर चालण्यातच आहे. ब्रेमरची रचना फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथीड्रलच्या फरशीत बसवलेल्या चक्राच्या जातीची आहे. ती आखणारा माणूस मोठा खोडसाळ असला पाहिजे. तुम्ही आत शिरता आणि थोड्याच वळणांत वाट तुम्हाला मध्याच्या अगदी शेजारच्या फेरीत आणून सोडते. हात लांब केला तर मध्य हाताला लागेल. वाटतं, झालं की! तेवढ्यात वाट गर्रकन उलटी फिरते. मग आत, बाहेर, पुन्हा आत. ज्या पट्टीवरून आत्ताच आलो तिच्याच शेजारच्या पट्टीवरून उलट्या दिशेने चालतोय. समोरून येणारा दुसरा माणूस आपल्या पुढे आहे की मागे, सांगता येत नाही. पार शेवटी शेवटी वाट तुम्हाला सगळ्यांत बाहेरच्या फेरीवर नेऊन टाकते. आता तर चक्राबाहेरच पडलो असं वाटत असताना तीच वाट वळते आणि थोडक्यात मध्यावर पोचवते. म्हणजे जवळ आलो असं वाटतं तेव्हा लांब असतो, लांब गेलो असं वाटतं तेव्हा पोचलेले असतो. पाय चुकत नाहीत, पण अंदाज प्रत्येक वेळी चुकतो. वाट न चुकताही डोकं गरगरतं ते यामुळे.

(अभिमन्यूची आठवण येणं साहजिक आहे. आपल्याकडच्या शिल्पांत आणि चित्रांत चक्रव्यूह बहुतेक वेळा असाच, एकाच वाटेचा काढलेला असतो. अशा रचनेत आत गेलेल्याला बाहेर यायचा रस्ता ठाऊक नसणं शक्यच नाही. आला तसा परत फिरला की झालं. अडचण वाटेची नव्हती, वाटेवर उभ्या असलेल्या महारथींची होती.)

पण हे उत्तर अर्धंच आहे, आणि खरं सांगायचं तर उलट्या टोकाने धरलेलं आहे. आपण गृहीत धरतो की आधी वस्तू, मग तिच्यावरून लाक्षणिक अर्थ. आधी भुलभुलैया बांधला, मग डोक्यातल्या गोंधळाला लोक भुलभुलैया म्हणू लागले. इथे झालंय ते याच्या उलट.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या भाषेत, ‘आमासियन’ असं एक क्रियापद होतं. अर्थ होता सुन्न करणं, भान हरपायला लावणं. त्यातून पुढे ‘मेझ’ निघालं, आणि तेराव्या-चौदाव्या शतकात ‘मेझ’ म्हणजे भ्रम, बुद्धी चळल्याची अवस्था. जमिनीवरच्या किंवा इमारतीतल्या गुंतागुंतीच्या रचनेला हे नाव चौदाव्या शतकाच्या अखेरीस मिळालं. म्हणजे गोंधळ आधीचा आणि भुलभुलैया नंतरचा. डोकं फिरण्याला जो शब्द होता, तोच डोकं फिरवणाऱ्या जागेला चिकटला. म्हणून त्या जागेत फाटे आहेत की नाहीत याची पंचाईत त्या काळी कुणी केली नाही. फाट्यांचा तो ‘मेझ’ आणि एका वाटेचा तो ‘लॅबिरिंथ’ असा काटेकोर भेद अभ्यासकांनी फार पुढे सोयीसाठी केला.

याच मुळातून ‘अमेझ’ आला. आज ‘अमेझिंग’ हा शब्द इतका स्वस्त झालाय की पुण्यातला कॉलेजकुमार मिसळीलाही अमेझिंग म्हणतो. पण सोळाव्या शतकात ‘अमेझ्ड’ माणूस म्हणजे खूश झालेला नव्हे, डोक्यात घण बसल्यासारखा सुन्न झालेला. प्रमाण इंग्रजीत हा अर्थ झिजत झिजत ‘चकित’पर्यंत आणि तिथून ‘छान’पर्यंत उतरला. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या बोलीत मात्र ‘मेझ्ड’ म्हणजे वेडा, डोकं फिरलेला, हा अर्थ टिकून राहिला. बोली म्हणजे प्रमाण भाषेचं बिघडलेलं रूप अशी ज्यांची समजूत असते त्यांनी हा एक शब्द ध्यानात ठेवावा. इथे मूळ अर्थ जपला तो बोलीने, आणि बिघडवला म्हणायचाच तर प्रमाण भाषेने.

‘मेझ’ कळला. मग पुढचं ‘मिझ’ काय आहे?

काहीच नाही. तो निव्वळ नाद आहे. असे जोडशब्द इंग्रजीत ढिगाने आहेत: चिटचॅट, मिशमॅश, डिलीडॅली. यांत खरा शब्द दुसरा असतो (चॅट, मॅश, डॅली) आणि त्याच्यापुढे त्याचीच एक प्रतिमा उभी केलेली असते, फक्त स्वर बदलून. बदललेला स्वर जवळजवळ नेहमी ‘इ’ असतो आणि तो पहिल्यांदा येतो. टिक-टॉक, झिग-झॅग, उलटं केलं तर इंग्रज माणसाच्या कानाला ते चुकीचं लागतं. का, हे त्याला सांगता येत नाही, पण लागतं. तोंड आधी अरुंद, मग मोठं उघडतं असा तो ताल आहे. मराठीत आपण याच्या बरोबर विरुद्ध वागतो. आपला खरा शब्द पुढे आणि सावली मागे: दगडबिगड, चहाबिहा, कागदबिगद. सावलीला आपणही ‘इ’च देतो, पण तिला मागच्या रांगेत बसवतो. मिझमेझमध्ये ती पुढच्या रांगेत आहे, एवढाच फरक.

आणि असे नादाचे शब्द गोंधळासाठी सगळीकडेच सापडतात. गडबड, उलटसुलट, अस्ताव्यस्त. तिकडे मिशमॅश, मिझमेझ. एकच आवाज थोडा बदलून पुन्हा आला की काहीतरी जागच्या जागी नाही, डगमगतंय असं कानालाच कळतं.

हा शब्द सोळाव्या शतकापासून लिखाणात दिसतो आणि तेव्हा तो गावंढळ नव्हता. पुढे तो लंडनच्या लिहित्या भाषेतून गळला आणि दक्षिण-नैऋत्येच्या खेड्यांत राहिला. ‘बोलीशब्द’ असा शिक्का त्याच्यावर बसला तो यानंतर. शब्द बदलला नाही, त्याचा पत्ता बदलला.

या पत्त्याचीच गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण यात एक जबर उलटापालट आहे. ज्या विंचेस्टरच्या टेकडीवर मिझमेझ आहे ते शहर एकेकाळी वेसेक्स राज्याचं केंद्र होतं. नवव्या शतकात राजा आल्फ्रेडने तिथे लॅटिन ग्रंथ लोकांच्या भाषेत आणायचं काम सुरू केलं. दहाव्या-अकराव्या शतकात विंचेस्टरच्या मठांतली वेस्ट सॅक्सन ही इंग्लंडची जवळपास प्रमाण लेखी भाषा झाली होती. दूरच्या भागातले लेखनिकही त्याच वळणाने लिहीत. मग 1066 मध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरून नॉर्मन आले. दरबार फ्रेंच बोलू लागला, कारभार लंडनकडे सरकला, आणि दोन-तीनशे वर्षांनी इंग्रजीने पुन्हा डोकं वर काढलं तेव्हा लंडनच्या आणि पूर्व-मध्य भागाच्या बोलीला मान मिळाला. जुन्या राजधानीची भाषा गावंढळांची ठरली. शेक्सपिअरच्या काळापर्यंत रंगभूमीवर खेडवळ माणूस दाखवायचा झाला की त्याच्या तोंडी ‘स’च्या जागी ‘झ’ घालायचा असा शिरस्ता पडला होता. ‘किंग लिअर’मध्ये एडगर वेष पालटून गावकरी बनतो तेव्हा हेच करतो, ‘सर’ला ‘झर’ म्हणतो.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. मराठीतला सुरुवातीचा मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात सिद्ध झाला तो रिद्धपुरात, आजच्या अमरावती जिल्ह्यात. आज त्याच मुलखातली वऱ्हाडी सिनेमात बहुतेक वेळा हसवायला येते. प्रमाण कोण ठरवतं? सत्तेचं, छापखान्याचं आणि शाळेचं गाव कुठलं असेल त्यावरून ते ठरतं. शब्दांच्या अंगच्या गुणांचा त्याच्याशी संबंध नसतो.

आता मुद्दा असा की जो शब्द लिहिला जात नाही, तो आपल्यापर्यंत पोचतो कसा? मिझमेझ पोचला तो मुख्यतः एका गिरणीकामगारामुळे.

जोसेफ राइट 1855 मध्ये यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डजवळ जन्मला. घरची परिस्थिती अशी की सहाव्या वर्षी तो दगडाच्या खाणीवर गाढव हाकायला लागला. पाथरवटांची बोथट हत्यारं लोहाराकडे पोचवायची आणि धार लावून परत आणायची. सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या कापड गिरणीत डॉफर. मुंबईच्या गिरण्यांतही हाच शब्द होता, काम तेच: सुताने भरलेल्या बॉबिना उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस गिरणीची शाळा असा नियम होता, पण शाळेतून डोक्यात फारसं काही गेलं नाही. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत एक जण बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचा. आपल्याला हे स्वतः वाचता येत नाही याची राइटला लाज वाटली आणि तो शिकायला बसला. घरात दोनच पुस्तकं: बायबल आणि बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’. मग रात्रशाळा, फ्रेंच, जर्मन, लॅटिन. पुढे आईच्याच घरात स्वतःची रात्रशाळा काढली आणि पोरांकडून आठवड्याला दोन पेनी फी घ्यायला लागला. 1876 मध्ये साठवलेले पैसे घेऊन जर्मनीला निघाला. बोटीने अँटवर्पला उतरला आणि तिथून हायडेलबर्गपर्यंत पायी गेला. 1885 मध्ये त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट. 1901 मध्ये ऑक्सफर्डात तुलनात्मक भाषाशास्त्राचा प्राध्यापक. तिथे त्याच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा टॉल्किनही होता.

ही कहाणी प्रेरणादायी भाषणांत वापरण्याजोगी आहे हे खरं, पण मला तिच्यातली एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. राइटची मातृभाषा पुस्तकी इंग्रजी नव्हतीच. तो विंडहिल या आपल्या गावाची बोली बोलत वाढला होता, आणि 1892 मध्ये त्याने त्या बोलीचं रीतसर व्याकरण लिहून छापलं. जर्मन विद्यापीठात शिकलेली कसोटी त्याने ग्रीक-लॅटिनला लावावी तशी गिरणीच्या भाषेला लावली. खेडूत बोलतो त्यात नियम असतात, ते सैल नसतात, हे त्याला पटवून घ्यावं लागलं नाही. ते त्याच्या जिभेवर होतं.

बोलीशब्द जमवायचं काम मात्र त्याच्या आधी सुरू झालं होतं. केंब्रिजचे प्राध्यापक वॉल्टर स्कीट यांनी 1873 मध्ये इंग्लिश डायलेक्ट सोसायटी काढली. गावोगावचे पाद्री, शाळामास्तर, डॉक्टर, हौशी मंडळी आपापल्या भागातले शब्द टिपून पाठवत. ते छोट्या छोट्या पुस्तिकांतून छापले जात आणि मोठ्या कोशासाठी चिठ्ठ्या साठत जात. हा ढीग उपसून कोश करायला माणूस मिळाला तो राइट. प्रकाशनाचा आर्थिक धोका घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्याने स्वतःची पुंजी घातली, वर्गणीदार जमवले आणि छापायला घेतलं. ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’चे 6 खंड 1898 ते 1905 या काळात पुरे झाले. सुमारे 70,000 नोंदी. काम मार्गी लागलं म्हणून सोसायटीने 1896 मध्येच आपला गाशा गुंडाळला. ज्यासाठी निघाली होती ते झालं, मग उगाच कशाला चालवायची! संस्था बंद करण्याचं इतकं सरळ कारण क्वचितच कुठे पाहायला मिळतं.

राइटने स्वतःला घालून घेतलेली अट अशी होती: जो शब्द अजून बोलला जातो, किंवा गेल्या 200 वर्षांत बोलला जात होता असं दाखवता येतं, तोच घ्यायचा. म्हणजे साधारण 1700 च्या अलीकडचा. प्रत्येक नोंदीत शब्द, तो कुठल्या काउंट्यांत मिळतो त्यांची आद्याक्षरं, उच्चार, अर्थ, आणि कुणी कुठे वापरला त्याचे दाखले. या आद्याक्षरांमुळे कोश चाळता चाळता शब्दांचा नकाशाच तयार होतो. मिझमेझसारखा शब्द दक्षिणेत आणि नैऋत्येत दाटलेला दिसतो. त्याच अर्थाचे दुसरे शब्द दुसरीकडे दाटलेले दिसतात. उत्तरेत गोंधळलेला माणूस ‘मॅफल्ड’ व्हायचा, मिडलंड्सकडे म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात ‘मॉयदर्ड’.

योगायोग असा की राइटच्या कोशाचा शेवटचा खंड आला त्याच वर्षी, 1905 मध्ये, ब्रिटिश अधिकारी आणि भाषा-अभ्यासक ग्रिअर्सनच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा मराठीला वाहिलेला सातवा खंड प्रसिद्ध झाला. कोकणी, वऱ्हाडी, नागपुरी, हळबी अशा बोलींचे नमुने त्यात आहेत. पद्धत मात्र वेगळी होती. ग्रिअर्सनने ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट स्थानिक बोलीत उतरवून मागवली, म्हणजे तीच गोष्ट शेजारी शेजारी ठेवून फरक पाहता येतात. ही कल्पना इंग्लंडातही होऊन गेली होती: डॉर्सेटचा पाद्री आणि कवी विल्यम बार्न्स याने 1859 मध्ये बायबलमधल्या ‘साँग ऑफ सॉलोमन’चं डॉर्सेट बोलीत रूपांतर करून दिलं होतं, आणि तेही बोलींचे नमुने जमवणाऱ्या एका बोनापार्ट राजपुत्रासाठी. या पद्धतीत व्याकरण झकास हाती लागतं. शब्द मात्र निसटतात, कारण उधळ्या मुलाच्या गोष्टीत जे नाही ते विचारलंच जात नाही. गोंधळाला तुमच्याकडे काय म्हणतात, हे त्या गोष्टीतून कसं कळणार?

विसाव्या शतकात हीच अडचण दुसऱ्या रूपात आली. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टनने 1950 ते 1961 या काळात 313 ठिकाणी माणसं पाठवून इंग्लंडच्या बोलींची पाहणी करवली. प्रश्न 1,300 च्या वर. विचारायचा नियम असा की शब्द आपल्या तोंडातून जाता कामा नये. ‘गाई जिथे बांधता त्या जागेला तुम्ही काय म्हणता?’ असं विचारायचं आणि म्हातारा काय म्हणतो ते ध्वनिलिपीत उतरवायचं. गोठा, नांगर, भिंतीवरचा कोळी, बैलाचं जोखड यांना ही पद्धत फार छान लागू पडते, बोट दाखवलं की झालं. पण मनाच्या अवस्थेकडे बोट दाखवता येत नाही. भांबावलेपणाचे, चिडचिडीचे, कंटाळ्याचे शब्द असे प्रश्नावलीच्या जाळ्यातून सहज सुटतात. ते सापडतात ते कोणी सहज बोलताना कान देऊन ऐकलं तर. हौशी पाद्र्यांच्या त्या जुन्या चिठ्ठ्या म्हणून इतक्या मोलाच्या.

शब्द मेला कसा, याला काही एक गुन्हेगार नाही. 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर गावोगाव शाळा झाल्या आणि मास्तरांनी प्रमाण इंग्रजी शिकवायला घेतली. रेल्वेने माणसं हलवली. शेतीची कामं यंत्रांकडे गेली, शेतमजूर शहरांत गेले. 1922 मध्ये बीबीसी आली आणि लंडनचा उच्चार स्वयंपाकघरात बोलू लागला. यांतल्या कुठल्याच गोष्टीने मिझमेझवर बंदी घातली नाही. फक्त पोराला आजोबांचा शब्द मित्रांसमोर वापरायची लाज वाटली आणि एक पिढी गेली.

गवतातल्या चक्राचंही असंच होतं, तेही फार झपाट्याने. गवत वाढतं, पावसाने कडा ढासळतात. डॉर्सेटमध्ये लाय नावाच्या गावात एक मिझमेझ होतं. जॉन हचिन्सने अठराव्या शतकात डॉर्सेटचा इतिहास लिहिला, त्यात नोंद आहे की गावातली तरुण पोरं दर सहा-सात वर्षांनी एक दिवस ठरवून त्याच्या चरी साफ करत आणि तो दिवस सणासारखा साजरा होई. आपल्याकडे गावकीने विहिरीचा गाळ काढावा तसं. मग कधीतरी ते थांबलं. आज तिथे शेतात षटकोनी बांधाची पुसट उठावदार रेघ आहे, आत काहीच नाही. त्याच काउंटीतल्या पिंपर्नचं चक्र तर 1730 मध्ये नांगराखाली गेलं. विंचेस्टरचं वाचलं, त्याच्याबद्दल शाळकरी पोरं एक दंतकथा सांगतात की सुट्टीत घरी न पाठवता शिक्षा म्हणून ठेवून घेतलेल्या एका मुलाने ते एकट्याने कोरलं आणि तो तिथेच झुरून मेला. पुरावा शून्य. ब्रेमरबद्दल म्हणतात की भिक्षू प्रायश्चित्त म्हणून गुडघ्यांवर ती वाट चालत. त्यालाही पुरावा नाही, पण चालायला गुडघे हवेतच असं कोणी न सांगताही पायांना पुरेसा त्रास होतो.

एकवाटी चक्रं आपल्याकडेही आहेत. गोव्यात सांगे तालुक्यात उसगाळीमळ इथे कुशावती नदीच्या काठच्या जांभ्या दगडावर बैल, हरणं आणि नाचणाऱ्या आकृतींबरोबर असं एक मोठं चक्र कोरलेलं आहे. ते इंग्लंडच्या मध्ययुगीन चक्रांपेक्षा पुष्कळ जुनं मानतात आणि त्याची आखणीही वेगळ्या, अधिक प्राचीन जातीची आहे. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायचा मोह आवरावा. माणसांना वळणावळणाची रेघ काढायला कुणाकडून शिकावं लागतंच असं नाही.

नैऋत्य इंग्लंडात गोंधळाचं आणखी एक खातं होतं, ते जास्त गमतीचं. ओळखीच्या शेतात रात्री माणूस फिरफिर फिरतो आणि फाटक सापडत नाही, याला तिथे ‘पिक्सी-लेड’ म्हणत. पिक्सी म्हणजे खोडकर बुटकी भुतं, ती वाट फिरवतात. हा आपला चकवाच. चकवा लागला की आपल्याकडची जुनी माणसं सांगत, जागीच बसून राहा, उजाडू दे. डेव्हन-सॉमरसेटचा उतारा असा की अंगातला कोट काढायचा आणि उलटा करून, अस्तर बाहेर ठेवून घालायचा. की पिक्सींचाच गोंधळ उडतो आणि फाटक समोर दिसतं.

राइटचा कोश आता ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठाने संगणकावर आणला आहे. काउंटीचं नाव टाकून, अर्थ टाकून शोधता येतं. गोंधळाचे शब्द शोधायला बसलात तर तास-दोन तास सहज जातात, आणि बहुतेक शब्द मिझमेझसारखेच कागदावर उरलेले आहेत. सगळे नाहीत. डेव्हनमध्ये ‘मेझ्ड’ अजून ऐकू येतो. मिडलंड्सच्या ‘मॉयदर’चा भाऊ ‘माइदर’ मँचेस्टर आणि लँकेशरकडे तर धडधाकट आहे: आई स्वयंपाकात असताना पोरगं पदर ओढून ओढून तेच तेच मागायला लागलं की ती आजही त्याला म्हणते, मला माइदर करू नकोस.